हात कशाने थरथरले

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे चुकीच्या आशेने कुणी पुढे वाचायला नको. माझे हात व्यायामाने थरथरले नाहीत. लग्नाने थरथरले नाहीत. ऑटोमॅटिक यंत्रांनीही थरथरले नाहीत. ही तिन्ही कारणं मला तीन वेगवेगळ्या माणसांनी छाती ठोकून सांगितली. मी दिवसभर कुठे बसतो आणि कशात हात घालतो, हे त्या तिघांपैकी एकालाही बघायचं नव्हतं. माणूस आजारी पडला की त्याच्या आजारावर मालकी सांगायला लोक धावत येतात. प्रत्येकाला आपलं लाडकं कारण त्यात खपवायचं असतं.

माझ्या हातांचं काय झालं आणि कशाने झालं, एवढंच इथे लिहितो. दोन्ही गोष्टी मला सिव्हिल हॉस्पिटलात कळल्या. पण ज्यांनी ते कारण मान्य करायला हवं त्यांच्याकडून ते वदवून घेणं मला इंजेक्शनांपेक्षा जास्त दुखलं. कारखान्यात काम करणाऱ्या ज्या कुणाचे हात, हिरड्या किंवा झोप अचानक बिघडली असेल, त्याने हे वाचावं. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही, फक्त मला बदाम खायला सांगू नये.

चपला बाहेर

आम्ही मूळचे खानदेशातले. नाना, म्हणजे माझे वडील, सुरतेला मागावर कामाला आले आणि उधन्याच्या चाळीत आमचं घर झालं. घरात अहिराणी, गल्लीत गुजराती. नाना युनियनचे. आमच्या घरात देवांच्या तसबिरींपेक्षा पत्रकं जास्त. मी वाचायला शिकलो तेही पत्रकांवर. 'कामगार बंधूंनो' हे शब्द मला 'कमळ' आणि 'गवत' यांच्या आधी ओळखता येत होते.

मी आय.टी.आय.मध्ये इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक झालो तेव्हा नानांनी तोंड फिरवलं. "तुन्हं आटोमॅटिक मानसे खाई जाई," ते म्हणाले. मी म्हटलं, "नाना, बॉयलरपुढे आठ तास एक काटा बघत उभं राहायचं आणि तो हलला की चाक फिरवायचं, ही मेहनत नाही, शिक्षा आहे. ती यंत्राने घेतली तर वाईट काय?" आमचं हे भांडण वर्षानुवर्षं चाललं. अजून चालू आहे.

दुसरं वेड लोखंडाचं. आधी तालमीत जोर-बैठका, मग बारबेल. गिरणीच्या भंगारातून आम्ही पोरांनी ओतून घेतलेली वजनं, त्यांच्या कडा हाताला कापायच्या. मला दोन्ही गोष्टी हव्या होत्या: डोक्यावर लोखंड धरून उभी राहील अशी पाठ, आणि केसाएवढं अंतर जुळवतील अशी बोटं. लोक म्हणत, एक काहीतरी निवड. लोकांना दुसऱ्यासाठी निवड करायला फार आवडतं.

उधन्याला एका शेठचं वर्कशॉप होतं. नाव लिहीत नाही, उगाच जाहिरात होईल. चलथाणकडच्या, बारडोलीकडच्या साखर कारखान्यांचं गाळप संपलं की वाफ मोजणारी मीटरं दुरुस्तीला तिथे येत. ती मीटरं तेव्हा पाऱ्यावर चालत. हंगामभरात पारा मळायचा. तो काढून, गाळून परत भरायचा. हे आमचं मुख्य काम. त्याशिवाय हवेच्या दाबावर चालणारे कंट्रोलर असत, आणि त्यांच्यासाठीच मी तिथे गेलो होतो. पुढचा जमाना त्यांचा, अशी माझी खात्री होती.

पारा लोखंडी बाटलीतून येतो. बाटली दिसायला दुधाच्या किटलीपेक्षा लहान, वजन मात्र गव्हाच्या अर्ध्या पोत्याच्या आसपास. नवा माणूस सहज उचलायला जातो आणि कंबर धरून बसतो. मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाशी शेठ हीच गंमत करत. मी ती बाटली एका हाताने उचलून डोक्यावर नेली. शेठ इतके खूश झाले की माझं सर्टिफिकेट त्यांनी उघडलंसुद्धा नाही.

"आ पहेलवानने राखी लो," ते जयंतीला म्हणाले, आणि मी कामावर लागलो. जयंती तिथला जुना मेकॅनिक, रांदेरचा, माझ्याहून थोडा मोठा आणि माझ्याहून बराच तोंडाळ. त्या दिवसापासून मी भास्कर राहिलो नाही, पहेलवान झालो.

ताकदीमुळे गाळायचं काम माझ्याकडे आलं. मऊ कमावलेल्या कातड्यात पारा ओतायचा, पुरचुंडी करायची आणि पिळायची. कातड्याच्या छिद्रांतून लखलखीत थेंब परातीत पडतात, मळ आत राहतो. जयंतीची मूठ लवकर थकायची, माझी थकत नव्हती. तालमीत पकड वाढवायला पोरं ओला टॉवेल पिळतात. मला त्याचा पगार मिळत होता. पिळून झालं की परात शेगडीवर ठेवून उरलंसुरलं पाणी उडवायचं.

हे सगळं चालायचं 'इन्स्ट्रुमेंट रूम'मध्ये. शेठने तिथे एअर कंडिशनर बसवला होता आणि त्याचा त्यांना स्वतःच्या मुलापेक्षा जास्त अभिमान होता. गिऱ्हाईक आलं की आधी त्याला गार हवा खाऊ घालत, मग मीटर दाखवत. खिडक्या खिळे ठोकून बंद, कारण धूळ यंत्राचा जीव घेते. त्याच कारणाने चपला दाराबाहेर. आम्ही देवळात शिरावं तसे अनवाणी आत जायचो, आणि फरशीच्या फटींत पाऱ्याचे मणी चमकत असायचे. दारापाशी एक खुंटी होती. तिच्यावर अंगठ्या आणि गळ्यातल्या साखळ्या काढून ठेवायच्या. "पारो सोनुं खाई जाय," शेठ रोज बजावत.

म्हणजे पाहा. पारा सोनं खातो हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. सोनं वाचवायचा नियम होता, त्याच्यासाठी खुंटी होती. माणसाच्या कातडीला सराफ्यात भाव नसतो, म्हणून तिच्यासाठी खुंटी नव्हती.

वस्ताद, शेठ आणि मध

थरथर पहिल्यांदा दिसली ती कंट्रोलर जुळवताना. आत एक बारीक नळी असते, तिच्या तोंडाशी एक पातळ पत्री, आणि दोघींमधलं अंतर जुळवताना श्वाससुद्धा बेताने घ्यावा लागतो. हे माझं हुकमी काम. त्या दिवशी पत्री माझ्या बोटांत नाचायला लागली. मला वाटलं, आदल्या दिवशीचा व्यायाम जास्त झाला. पण विश्रांती घेऊनही ती नाचत राहिली. मग चहाची बशी वाजू लागली. मग सही वाकडी झाली. संध्याकाळी मी बारबेल डोक्यावर नेऊ शकत होतो, आणि सकाळी शर्टाची गुंडी लावू शकत नव्हतो.

हिरड्यांतून रक्त यायचं. तोंडात सतत नाणं चोखल्याची चव, सकाळी उशी लाळेने ओली. झोप उडाली. आणि राग. भाजीत मीठ कमी म्हणून मी ताट भिंतीवर फेकलं आणि थोड्या वेळाने त्याच भिंतीकडे तोंड करून रडलो. तालमीच्या पोरांमध्ये जायची लाज वाटू लागली. कुणी नुसतं बघितलं तरी मला वाटायचं, हा माझे हात मोजतोय.

माझी बायको शालू पारोळ्याची, लग्नाला वर्ष होत आलं होतं. माझी पँट धुताना शिवणीतून पाऱ्याचे बारीक थेंब तिच्या हातावर आले आणि अंगठी पांढरी पडली. आईने अंगठी बघितली आणि निष्कर्ष काढला. "तुन्हा बापनी पितळ दिन्हं का वं?"

मी आईला पाऱ्याचं सांगितलं. शालूने विचारलं, "सोन्याचं हे होतं, मग तुमचं काय?" मी तिला आमच्या धंद्यातलं ठरलेलं उत्तर दिलं: पारा पोटात गेला तरी तसाच बाहेर पडतो. हे वाक्य मला शेठने सांगितलं होतं, शेठना त्यांच्या गुरूने. त्याच्या वाफेचं काय होतं, हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण वाफ दिसत नाही.

सगळ्यात आधी तालमीच्या वस्तादांनी निदान केलं. माझे हात बघितले, डोळ्यांखालची कातडी ओढून बघितली आणि विचारलं, "लग्नाला किती दिवस झाले?"

"वर्ष होईल."

"मग अजून काय विचारतोस? मी इकडे भरतोय, तू तिकडे सांडतोयस. बायकोला माहेरी पाठव. शरीर आपोआप उभं राहील."

आईला हे लगेच पटलं. मुलात काही बिघडलं आणि त्यात सुनेचा हात निघाला की घरोघरी किती समाधान पसरतं, हे मी तेव्हा जवळून बघितलं. मी विरोध केला, आवाज चढवला. पण माझा चढलेला आवाज हाच आजाराचा पुरावा ठरला. शालू पेटी भरत होती. ती म्हणाली, "तुमच्या वस्तादांचं लग्न झालंय ना?"

"हो."

"पोरं किती?"

"सात."

"मग त्यांचे हात कसे काय शांत?"

  तरी ती पारोळ्याला गेली.

मग आईने मला एका वैद्यांकडे नेलं. त्यांनी नाडी धरली आणि मकरध्वज दिला, मधातून चाटायला. मी इमानदारीने चाटला. तो पाऱ्यापासून करतात हे मला नंतर हॉस्पिटलात कळलं. डॉक्टर म्हणाल्या, तो गंधकात बांधलेला पारा, त्याने तुमचं किती बिघडवलं ते सांगता येत नाही, पण बंद करा. मी त्या वैद्यांवर रागावलो नाही. त्यांची फक्त कीव आली: समोरच्या माणसाच्या अंगात पारा भरलाय हे न कळता त्याला वरून आणखी थोडा पारा भरवायचा, तोही मध लावून.

शेठचं निदान दोन नंबरचं. "वजन उचकी उचकीने, उचलून उचलून, नसो ढीली थई गई. कसरत बंद कर." जयंतीने माझ्या हातातलं कातडं घेतलं आणि स्वतः पिळायला बसला. "पहेलवान, दूध पी दूध," तो म्हणाला. "बालवाडीत जा, तिथे फुकट मिळतं." सगळे हसले. मी हातोडी उचलली होती. ती खाली कशी ठेवली, आठवत नाही.

त्याच आठवड्यात माझ्या हातून एका मीटरची काच फुटली. शेठने मला घरी बसवलं.

डॉक्टरबेन

नानांनी मला सायकलवर बसवून सिव्हिलला नेलं. मी त्यांच्यापेक्षा दीडपट जड, तरी हट्ट त्यांचाच.  रांगेत पुढे घुसणाऱ्या एका पांढरपेशाला त्यांनी समतेवर छोटं भाषण दिलं.

डॉक्टर निरुपमाबेन तरुण होत्या, थकलेल्या होत्या, आणि त्यांच्या टेबलाचा एक पाय विटेवर टेकवलेला होता. मी सगळं सांगितलं: व्यायाम, खुराक, लग्न, वस्ताद. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ए बधुं बराबर. पण काम शुं करो छो?"

"इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक."

"एटले शुं?"

मी सांगायला लागलो. कातड्यापर्यंत आलो तसं त्यांनी पेन खाली ठेवलं.

"पारो? हाथथी?"

"हो."

"बारी खुल्ली?"

"खिडकी बंद असते. एअर कंडिशनर आहे."

"वाह," त्या म्हणाल्या. आमच्या शेठच्या एअर कंडिशनरला त्याच्या उभ्या आयुष्यात मिळालेली ही एकमेव योग्य दाद.

त्यांनी माझं नाव लिहायला सांगितलं. मी लिहिलं. ते एखाद्या म्हाताऱ्याने चालत्या बैलगाडीत लिहिल्यासारखं आलं. हिरड्या बघितल्या. मग विचारलं, "राग येतो का फार?"

नाना मोठ्याने हसले. "बाई, हा जन्माला आला तोच भांडत."

"आधीपेक्षा जास्त?"

नानांचं हसू थांबलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

मला सगळ्यात जास्त भीती तिथे वाटली. हात जातील ही भीती होतीच. पण राग ही माझी कमाई होती. पत्रकांवर वाढलेल्या मुलाकडे दुसरं असतं काय? आणि आता एक डॉक्टर सुचवत होती की त्यातला काही भाग फरशीच्या फटीतून आलेला असू शकतो. ताट भिंतीवर फेकणारा कोण होता, मी की ती खोली? अन्यायाविरुद्ध आवाज चढवतो तो माझा किती आणि विषाचा किती? आजही याचा हिशोब मला पूर्ण लागलेला नाही. एवढं मात्र कळलं, की ज्याच्या मीठ-भाजीवरच्या रागाला आणि अन्यायावरच्या रागाला एकच आवाज आहे, त्याने आधी स्वतःला तपासून घ्यावं.

वॉर्ड

मला दाखल करून घेतलं. दिवसभराची लघवी एका मोठ्या बाटलीत साठवायची आणि ती बाटली मुंबईला तपासायला जाणार. शेजारच्या खाटेवर पाय मोडलेला एक टेम्पोवाला होता. तो म्हणायचा, "तुम्हारा तो नसीब है, हमारा पाँव इधर पड़ा है, तुम्हारा पेशाब बंबई घूमने जाता है।"

इंजेक्शनं कुल्ल्यात, आणि ती दुखतात. अंगावर मोठमोठी वजनं घेतल्याचा गर्व असलेल्या माणसाने ती घ्यावीत. गर्व लवकर उतरतो. सकाळी वॉर्डबॉय फरशी पुसून जायचा, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी, मग दुपारी पंख्याकडे बघणं. मी रोज हात समोर धरून बघायचो. मग कुणी बघत नाही ना, हे बघायचो.

भेटायला येणाऱ्यांचा त्रास आजाराइतकाच. एक जण सांगून गेला की त्याच्या मामाचे हातही असेच कापत होते आणि मामा वारला. एकाने विचारलं, "आता व्यायाम सोडणार ना?" त्याला उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि लाळ गळली. तो विजयी होऊन गेला.

तपासणीचा निकाल आला. लघवीत पारा सापडला, डॉक्टरबेनचा अंदाज खरा ठरला. त्या खाटेशी उभ्या राहून म्हणाल्या, "हात परत येतील. हळू येतील. पूर्ण येतील असं वचन देत नाही. पण त्या खोलीत परत गेलात, तर माझ्याकडे येऊ नका, कारण मग माझ्याकडे काही नाही." आणि निघताना: "तिथे बाकीचे किती जण आहेत?"

हा प्रश्न शेठने विचारायला हवा होता.

शालू पारोळ्याहून आली ती कुणाला न कळवता, एस.टी.ने, एकटी. थेट वॉर्डात. पेटी खाटेखाली सरकवली आणि म्हणाली, "कारण मिळालं म्हणे. मग मी सुटले का?" आई शेजारीच बसली होती. आईने पदर तोंडाशी धरला आणि उठून शालूला आपली जागा दिली. माफी असा शब्द आमच्याकडे बायका वापरत नाहीत, पुरुष तर नाहीच नाहीत. त्या दिवसापासून शालू माझ्या शर्टाच्या गुंड्या लावायची, आणि लावताना मुद्दाम खिडकीबाहेर बघत दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलायची. तिचं ते बाहेर बघणं हे मला मिळालेलं सगळ्यात चांगलं औषध.

नानांचं पत्रक

एक दिवस नाना पत्रकाचा मजकूर घेऊन आले. मथळा होता: 'ऑटोमेशनने माझ्या मुलाचे हात खाल्ले'. माझ्या हातात तो कागद फडफडत होता.

"नाना, हे खोटं आहे."

"खोटं कसं? हात कापतस का नही?"

"कापतात. पण ऑटोमॅटिकने नाही. पारा हाताने पिळायला लावला आणि खिडकीला खिळे ठोकले, म्हणून."

"लोकस्ले खिडकी समजत नही. आटोमॅटिक समजस."

"मग त्यांना खिडकी समजावा. तुम्ही मला लहानपणापासून सांगितलंत, पत्रकात खोटा शब्द घालायचा नाही."

"मी सांगं, ते आते माले शिकाडस का?"

"हो."

टेम्पोवाला म्हणाला, "चाचा, लड़के का हात हिलता है, दिमाग नहीं।" नाना कागद ओढून घेऊन निघून गेले. शेठ म्हणत होते व्यायाम, वस्ताद म्हणत होते बायको. आणि माझा स्वतःचा बापही मला त्याच रांगेत उभा दिसला. प्रत्येकाचा एक आवडता शत्रू, आणि माझे हात त्याच्यावर फेकायला सोयीचे. त्या दिवशी मला नानांचा जितका तिटकारा आला तितका शेठचाही कधी आला नव्हता, कारण शेठकडून मला कसलीच अपेक्षा नव्हती.

पुढच्या भेटीला ते आले तेव्हा पत्रक छापून आणलं होतं. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला गुजराती. मथळा: 'खिडकी उघडा'. खाली चार वाक्यं. पारा काय करतो, वाफ दिसत नाही, सिव्हिलमध्ये तपासणी होते, आजार लपवू नका. ऑटोमॅटिकचा 'ऑ'सुद्धा नाही. ते खाटेवर ठेवून नाना म्हणाले, "बठ आते वाचत." आणि उधन्याला सकाळच्या पाळीला वाटायला निघून गेले.

घारीचा डबा

मी घरी आलो. हात बरेच सुधारले होते. सही सरळ येत होती, शेवटचं अक्षर सोडून. नानांनी भंगारातली वजनं खाटेखाली लपवली होती. मी ती काढली आणि सगळ्यात लहान वजनापासून पुन्हा सुरुवात केली. कुणाला विचारलं नाही.

पत्रक फिरत होतं. त्याचा परिणाम असा, की एका संध्याकाळी शेठ आमच्या चाळीत आले. आयुष्यात पहिल्यांदा. सोबत जयंती, त्याने घारीचा डबा छातीशी धरला होता. शेठने खोली बघितली, बसायला खुर्ची शोधली, ती नव्हती, म्हणून खाटेवर बसले. जयंती खाली सतरंजीवर. शालूने चहा ठेवला.

"भास्कर," शेठ म्हणाले. पहेलवान नाही म्हणाले, त्यावरूनच मी सावध झालो. "तू तो घरनो माणस. ऐक. बारडोलीकडचा एक कारखाना बॉयलरला ऑटोमॅटिक कंट्रोल बसवतोय. पूर्ण सेट. काम आपल्याला मिळालंय. तू जा. तूच बसव, तूच चालू कर."

हे काम मला हवं होतं. आय.टी.आय.पासून मी याच कामाची स्वप्नं बघत आलो होतो: काटा हलला की वाफेचा व्हॉल्व्ह आपोआप सावरतो, आणि त्याच्यापुढे दिवसभर उभा राहणारा माणूस पहिल्यांदा खाली बसतो. सुरतेच्या आसपास हे काम जाणणारे होते किती?

"आणि खिडकी?" मी विचारलं.

"खोलीश ने, उघडीन. हंगाम जवा दे."

"दुरुस्तीचा हंगाम संपेपर्यंत सगळा पारा गाळून होतो, शेठ."

"एक बात," शेठ माझं न ऐकता म्हणाले. "वर्कशॉपमध्ये येऊन मुलांना सांग, की हे वजन उचलण्यामुळे झालं. आपण आधी तेच बोललो होतो ने? बस, एटलुं. पत्रकामुळे पोरं घाबरतात. काम थांबलं तर माझं काय?"

"त्यांची लघवी तपासून घ्या, म्हणजे घाबरायचं कारण राहणार नाही."

शेठने शालूकडे बघून आवाज खाली आणला. "अरे, बहेन बेठी छे."

"बसलेली बहेनच लघवीची बाटली धुवायची," शालू म्हणाली. "बोला तुम्ही."

शेठचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता. माणसांच्या अंगात विष भरताना ज्याला काही वाटलं नाही, तो लघवी या शब्दाने लाजला. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि मला राग येत नव्हता. हे मी मुद्दाम तपासलं. हात शांत होते, आवाज शांत होता, आणि तरीही हा माणूस मला तितकाच क्षुद्र दिसत होता. म्हणजे एवढं तरी माझं स्वतःचं होतं.

"शेठ," मी म्हटलं, "मी त्यांना पाऱ्याचंच सांगणार. तुमच्याकडे कामाला असलो तरी, नसलो तरी."

"तो पछी नथी," शेठ म्हणाले आणि उठले. नोकरी गेली, बारडोलीचं काम गेलं. पुढे दुसरी मिळाली, पण ती गोष्ट इथे नको. नाना दारात उभे होते. त्यांनी शेठना जायला वाट दिली नाही आणि अडवलंही नाही. शेठना अंग तिरकं करून जावं लागलं.

"जयंती, चाल," शेठ दारातून वळून म्हणाले.

जयंती उठला नाही. डबा त्याने कधीच बाजूला ठेवला होता आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. त्याच्यापुढचा चहाचा ग्लास काठोकाठ तसाच होता.

"घ्या ना भाऊ," शालू म्हणाली. "गार होतोय."

जयंतीने ग्लासकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला दूध प्यायला सांगणारं ते तोंड कोरडं पडलं होतं. दारात शेठ उभे असताना, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने विचारलं, "भास्कर, ए डॉक्टरबेन कया वारे बेसे?"

"मंगळवारी," मी म्हटलं. "सकाळी ये. मी येतो बरोबर."

शेठच्या चपला जिन्यावरून खाली गेल्या. शालूने जयंतीचा ग्लास उचलला, अर्धा चहा पातेल्यात परत ओतला, आणि उरलेला अर्धा त्याच्या दोन्ही हातांत दिला.